चौथ्या दिवसाचं पेट्रोल

पंपावरच्या ठकीच्या हातातली नोझल खट्कन आपोआप बंद झाली.

"टाकी फुल झाली, काका."

"अजून जाईल. काठोकाठ भर," जनार्दन म्हणाला. तीस वर्षं दातिवऱ्याच्या बंदरातून मासेमारीला बोट नेताना त्याने डिझेल कधी बोटभरही कमी भरलं नव्हतं. समुद्रात पंप नसतो. आणि उद्यापासून त्याची दीपाली या नव्या स्कूटरवरून एकटीच पालघरला नोकरीला जाणार होती.

"वर थोडी जागा लागते, काका. उन्हात पेट्रोल फुगतं. बाहेर येऊन गरम सायलेन्सरवर पडलं, तर पोर भाजेल."

जनार्दनने वाकून टाकीत डोकावून बघितलं.

"बाबा, एवढ्यात गाडी दोनशे किलोमीटर जाते," दीपाली म्हणाली. "माझे जाऊन-येऊन रोजचे साठ. तीन दिवस बघायला नको."

"आन् चौथ्या दिवशी?"

"इथंच थांबून भरीन की. या ताई हायत ना."

जनार्दनने टाकीचं झाकण घट्ट लावलं, एकदा हलवून बघितलं, आणि मग ठकीकडे वळून विचारलं, "तुझी सुट्टी कुठल्या वारी असते गं?"