कोंबडी आणि कोळंबी

कोंबडीच्या चोचीला आतून जाळी होती. त्या जाळीतून तन्मयला सरकत्या जिन्यावर आई दिसली.

तीच होती. निळा कुर्ता, खांद्याला मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातली कापडी पिशवी, शेजारी तिची मैत्रीण कुमुदमावशी. घराजवळची सेंगकांगची दुकानं सोडून आई शहराच्या दुसऱ्या टोकाला ज्युराँगला कशाला आली? हा मॉल त्याने निवडला होता तोच मुळी ती इथे कधी येत नाही म्हणून.

घरच्यांच्या हिशेबाने तन्मय या वेळी तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत होता. शेवटची परीक्षा झाली, अर्जांवर अर्ज झाले, कुणी साधं नाही म्हणायलाही फोन केला नाही. मग एकदा जेवताना आईने विचारलं, "त्या बँकेचं काय झालं रे?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "झालं."

ते 'झालं' दुसऱ्या दिवशी पेढ्यांसकट अख्ख्या मंडळात पोचलं. कुमुदमावशीने तर भाच्याचा बायोडेटा पाठवून दिला, तुझ्या साहेबांना दाखव म्हणून.

आता तीच कुमुदमावशी जिन्यावरून खाली येत होती आणि बँकवाला पिवळी पिसं अंगावर चढवून नाचत नाचत फ्राइड चिकनची पत्रकं वाटत होता.

हे काम मिळालं तेही नाचामुळे. कॉलेजात चारही वर्षं तो डान्स क्लबमध्ये पडीक असायचा. "नाचून कुणाचं पोट भरलंय?" बाबा विचारायचे. कोंबडीचं भरत होतं, थोडंफार.

घरी आईला संशय यावा असं काही त्याने ठेवलं नव्हतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं, संध्याकाळी तोच घालून परतायचं. एकदाच धुणं घालताना तिने त्याच्या शर्टावरून पिवळी लव उचलली होती.

"ऑफिसात मांजर पाळलंय का रे?"

"कार्पेट आहे, आई."

"हल्ली सगळ्यांचीच ऑफिसं घाण झालीत," एवढंच म्हणून तिने मशीन लावलं. बाबा सोफ्यावर मानेला बाम चोळत पडले होते. क्वीन्सटाउनच्या ऑफिसातून आले की ते हल्ली बोलतच नसत. तन्मयला ते बरंच वाटायचं. बँकेतल्या कामाबद्दल त्यांनी दोन प्रश्न विचारले असते तर तिसऱ्याला तो पकडला गेला असता.

आई शेवटच्या पायरीवर आली. डोकं काढून पळावं? चिकनच्या दुकानाच्या मॅनेजर मिस लिमने पहिल्याच दिवशी दम दिला होता. "नो टॉकिंग. नो टेक ऑफ द हेड. चिल्ड्रन क्राय, यू गो होम, ओके लाह?"

आडोसा एकच होता. कोळंबी.

समोरच्या सीफूडवाल्यांची ही माणसाएवढी गुलाबी कोळंबी. तिची कपडे बदलायची खोली मॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आत कोण आहे ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण वैर पहिल्या दिवसापासूनचं. ती याची जागा अडवायची, हा पंखाने ढकलायचा, ती शेपटीचा फटका हाणायची. दोन गिरक्या घेतल्या की धापा टाकत खांबाला टेकायची. कालच तन्मयने तिच्या मिशीवर पाय दिला होता. मुद्दाम.

तो वैर विसरून तिच्या मागे लपला. त्याच क्षणी कोळंबी गर्रकन वळली आणि त्याच्या मागे लपली.

तन्मय पुन्हा तिच्या मागे गेला. तिने त्याचं शेपूट धरून त्याला पुढे ओढलं. त्याने तिच्या कमरेला विळखा घातला. दोघं त्या चौकात गोल गोल फिरू लागले. पोरं टाळ्या पिटू लागली. लोकांनी फोन काढले. मिस लिम लांबून अंगठा दाखवत होती. आठवडाभरात एवढी गर्दी झाली नव्हती.

"अगं मेधा, इकडे बघ," कुमुदमावशी ओरडली. "काय ध्यानं आहेत. चल, फोटो काढू तुझा."

"नको गं," आई म्हणाली.

"चल गं. मुलगा बँकेत लागला, आता जरा मजा कर."

आई येत होती. जाळीतून आधी तिचा कुर्ता दिसला, मग मंगळसूत्र, मग हनुवटीवरचा तीळ. त्याने श्वास रोखला. आई त्याला पाठमोऱ्या चालीवरून ओळखायची, शिंकेवरून ओळखायची. शिंक येऊ नये म्हणून त्याने आत जीभ चावून धरली. शेजारी कोळंबी थरथरत होती. हिला काय झालं, त्याच्या मनात आलं, हिची आई थोडीच आहे.

आई दोघांच्या मधे उभी राहिली. एक हात कोंबडीच्या गळ्यात टाकला, एक कोळंबीच्या.

"जवळ या," कुमुदमावशी फोन आडवा धरून मागे मागे सरकली. "अजून थोडी मागे जाते, मिशा बसत नाहीत."

ती बरीच लांब गेली. आई फोनकडे बघून हसत होती. हसू तसंच ठेवून, ओठ फारसे न हलवता, ती हळू आवाजात बोलली.

"तन्मय, येताना कोथिंबीर आण. शर्ट मळला तर मळू दे, मी बघते."

कोंबडीने एक पाय मागे घेतला. आईने तिला गळ्याला धरून उभं ठेवलं. मग मान जराशी दुसऱ्या बाजूला वळवली.

"आणि अहो, नाचताना मानेला जपा."