पांढरा क्रूस

मेलबर्नच्या कडेला नवी घरं झाली, तशी जुन्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली. त्याच रस्त्यावर अपघातात मुलगा गेला, तेव्हापासून रस्ता सुधारावा म्हणून ग्लेनिस दारोदार सह्या गोळा करत होती. आता काम सुरू झालं, आणि अपघाताच्या जागी रस्त्याकडेला उभारलेला मुलाच्या आठवणीचा पांढरा क्रूस नेमका नव्या लेनमध्ये आला. तो काढायला ती स्वतः गेली. पण तो हलेना; कुणी काढू नये म्हणून नवऱ्याने तो काँक्रीटमध्ये रोवला होता. टोंगा बेटांवरून आलेल्या मुकादमाने मशीन थांबवून आपलं नारिंगी जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं. “राहू द्या, मावशी. आमच्यात गेलेल्या माणसाला असं जागेवरून उठवत नाहीत. साहेबाशी भांडून रस्ता जरा वळवून घेतो.” “आणि नोकरी गेली तर?” “तुमच्याकडे जेवायला येईन.” हसता हसता तिने डोळे पुसले. “नको रे बाबा. वळणावरच गेला माझा पोरगा. रस्ता सरळच जाऊ दे.”