पाठमोरा कामगार

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बंद मोटार-कारखान्यातला तो एकच फोटो आमच्याकडे होता. ब्रेकची नळी कुठून वळवायची, ते त्यातच कळणार होतं. पण नेमका तिथेच एक कामगार पाठमोरा उभा. त्यापायी विनीच्या म्हाताऱ्या वडिलांची गाडी सात वर्षं अडून होती.

"सरक की रे मेल्या, भिंत आहेस का?" विनी फोटोवर खेकसली.

सकाळी तो एक पाऊल बाजूला होता.

आम्ही दोघींनी फोटोत बघून नळी बसवली. गाडी धावली, थांबलीही.

"उपकार झाले हो, काका," विनी फोटोला म्हणाली.

कालपासून हरवलेला आमचा लाल पट्टीचा पाना आता त्याच्या हातात होता. काळ्या-पांढऱ्या फोटोत पट्टी तेवढी लाल. आमच्याकडे तोंड करून, हसत, तो पाना परत देत होता.

विनीने हात पुढे केला.