तिसरी कडी

कोर्टातल्या यंत्राने हेमांगीचा संरक्षणाचा अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला. घटस्फोट दिलेल्या नवऱ्याकडून तिच्या जिवाला फक्त अकरा टक्के धोका निघाला होता. पोलीस मिळायला निदान चाळीस लागत.

“अहो, चार घरं बदलली, दाराला तीन कड्या लावल्या, म्हणून जिवंत आहे मी,” ती वैतागून म्हणाली.

“तिथंच तर अडतं, ताई,” कारकून शिर्सेकर म्हणाले. “यंत्र कड्याही मोजतं. तुम्ही स्वतःला फारच नीट जपता.”

घरी येऊन तिने दोन कड्या उचकटल्या आणि फोनवरून पुन्हा अर्ज भरला. अडतीस टक्के.

संतापाने तिने तिसरीही काढली आणि अर्ज पुन्हा पाठवला. लगेच उत्तर आलं: ‘अर्ज मंजूर. पोलीस सात दिवसांत येतील.’