इमारत एकच

रांगेत उभं राहून आजीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, पण पुढे केलेली खुर्ची तिने नाकारली. शाळा बंद करायच्या कार्यक्रमात आरामात बसून घ्यायची तिला मुळीच हौस नव्हती.

कार्यक्रम शाळेतच होता, हा आणखी एक चावटपणा. पोरांच्या इवल्याशा बाकांवर सत्तरी-ऐंशीची मंडळी गुडघे छातीशी घेऊन बसली होती. फळ्यावर राजधानीतून आलेल्या अधिकारी बाईंनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘शाळा’ आणि त्याखाली ‘डायलिसिस केंद्र’. इमारत एकच, पैसाही एकाच गोष्टीपुरता. देश एवढासा, म्हातारे उदंड, कमावणारे मोजके. तेव्हा काय ठेवायचं ते गावानेच मतं देऊन ठरवावं, असा हुकूम होता.

गावात मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं सहा, त्यांत आजी एक. शाळेत पोरं उरली होती चार. त्यांतल्या तिघांचे आईबाप उन्हाळ्यात राजधानीला बिऱ्हाड हलवणार होते. राहिली एकटी चिंगी, आजीची नात. चिंगीची आई परदेशात परक्या म्हाताऱ्यांची सेवा करून पैसे पाठवायची, कारण इथल्या पगारात भागत नव्हतं. आई आधीच लांब. आता शाळा गेली, की सात वर्षांच्या पोरीची रवानगी शहरातल्या वसतिगृहात होणार आणि ती घरी येणार शनिवार-रविवारपुरती.

म्हणजे नातीला घराबाहेर काढून आजीची सोय करायची, आणि तीही आजीच्याच हाताने! सरकारची स्वतःचे हात स्वच्छ ठेवायची कसली ही नामी युक्ती! आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिचा मुलगा, चिंगीचा बाप, मात्र नुसता धुमसत बसणाऱ्यांतला नव्हता. रसाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यातून सुटला, की गेला महिनाभर तो दारोदार फिरत होता. शाळा गेली तर इथे नवं बिऱ्हाड कोण करेल, म्हणून विचारत होता. बेकरीवाली त्याचा हात हातात घेऊन रडली होती. माजी पोस्टमास्तरांनी शब्द दिला होता. आज मत द्यायच्या आधीही तोच उभा राहिला.

“बाई, आई आणि पोर यांतलं कोण हवं, हे आम्ही लिहून द्यायचं? तुम्हाला हे विचारवतं तरी कसं?”

“आम्ही फक्त तुमचं मत विचारतोय,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“दोन्ही द्या! हेच माझं मत!”

“तसा रकाना नाही.”

वर्गात टाळ्या पडल्या. आजीचा ऊर भरून आला. असा एक जण घरात असला, की बाकीच्या गावावाचून काही अडत नाही, असं तिला वाटलं.

रांग पुढे सरकली. मुलगा तिच्या मागेच होता.

“आई, परवा बसमध्ये तुला चक्कर आली,” तो हळूच म्हणाला.

“बसमुळे आली. ड्रायव्हर माझ्याहून म्हातारा आहे.”

तो हसला नाही. आठवड्यातून तीनदा तो पहाटेच्या बसने तिला शहरातल्या इस्पितळात न्यायचा. थंडीत हा प्रवास आईला झेपणार नाही, असं डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते. डॉक्टरांचा आवाज खणखणीत होता आणि आजीचे कान शाबूत होते.

“तुला हवं ते कर,” तो म्हणाला. “माझ्या तोंडाकडे बघू नकोस.”

“मी ठरवून आलेय. तू गप्प राहा.”

पडद्याआड जाऊन तिने ‘शाळा’ या शब्दापुढे अशी फुली मारली, की कागद फाटता फाटता राहिला. चिठ्ठी पेटीत टाकून ती बाहेर आली आणि मगच खुर्चीत टेकली. मुलगा आत गेला. त्याला बराच वेळ लागला. पेन चालत नसेल, आजी मनात म्हणाली. शेवटी सरकारी पेन.

मतमोजणी तिथेच सुरू झाली. बाई एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचत होत्या.

“केंद्र. केंद्र. केंद्र.”

दहा झाल्या, वीस झाल्या. बेकरीवाली आपल्या चपलांकडे बघत होती. पोस्टमास्तरांना अचानक चष्मा पुसायची गरज भासली. आजी एकेकाचा चेहरा नीट बघून ठेवत होती. उद्यापासून या घरचा पाव बंद, त्या घरची पायरी बंद. पोराला तोंडावर शब्द देऊन पाठीमागे ही फुली! माणसं म्हातारी होतात ती होतात, इतकी निगरगट्ट कधी होतात?

“केंद्र. केंद्र.” मग बाई थबकल्या. “शाळा.”

आजीने मान ताठ केली. हे तिचं तरी असेल, नाहीतर मुलाचं. आता दुसरं येईल. निदान दोन मतं तरी या गावाच्या तोंडावर मारता येतील.

“केंद्र. केंद्र. केंद्र.”

ती वाट बघत राहिली. बाईंनी शेवटची चिठ्ठी वाचली, पेटी उलटी करून दोन थापा मारल्या आणि सगळ्यांना आतून रिकामी दाखवली.

“केंद्र चाळीस. शाळा एक.”

सगळ्यांच्या नजरा मुलाकडे वळल्या. पोस्टमास्तर जड पावलांनी आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आम्ही सगळ्यांनी कच खाल्ली रे,” ते म्हणाले. “तू तेवढा एकटा ठाम राहिलास.”

“हो,” मुलगा म्हणाला, आणि आईची नजर चुकवत त्याने तिचा कोट उचलला.