कच्ची फाईल

बाईने स्वतःचं नाव सांगितलं नाही आणि बॅप्टिस्टनेही विचारलं नाही. काळी साडी, मोकळी मनगटं, रडून सुजलेले डोळे. आता यात विचारायचं ते काय?

मे महिन्यात वटारला हिल्डाचं लग्न झालं, तेव्हा बॅन्डमध्ये कॉर्नेटचा पितळी कर्णा वाजवायला सेबेस्टियन होता; तो गेल्या महिन्यात काविळीने गेला, असं तिने सांगितलं. बॅप्टिस्टने काढलेल्या त्या लग्नातल्या एका फोटोत तो आलाय म्हणे. भटारखान्याच्या बाजूला, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी. तो फोटो तिला हवा होता.

बॅप्टिस्ट जरा ओशाळला. पंचवीस वर्षं तो आगाशीला स्टुडिओ चालवत होता, पण बॅन्डवाल्याचा फोटो मुद्दाम काढल्याचं त्याला आठवेना. नवरानवरीच्या मागे कुठेतरी गाल फुगवलेला अर्धा माणूस येतो, तेवढंच. आणि बॅन्ड तरी कुठे एका गावचा असतो? चार गावची माणसं लग्नापुरती गोळा होतात. सेबेस्टियन कुठला, त्याच्या घरी कोण, याचा बॅप्टिस्टला पत्ताच नव्हता.

"घरात दुसरा फोटो नाय?" त्याने विचारलं.

"एकबी नाय."

गेल्या वर्षीच्या पुराने अर्ध्या तालुक्याचे अल्बम गिळले होते. बॅप्टिस्ट हळहळला आणि त्याने कॉम्प्युटर सुरू केला.

फोटो सापडला. पुढे नवरीच्या मावश्या फ्लॅशच्या उजेडात पांढऱ्याफटक, डाव्या कोपऱ्यात सेबेस्टियनचा हसरा चेहरा आणि त्याच्या शेजारी नुसता काळोख. बाई खुर्चीतून पुढे झुकली. "ह्या काळोखात उजेड करता येतो, असं भाची सांगत होती. खरं का?"

झालं! बॅप्टिस्टच्या आवडीचा विषय निघाला. रॉ आणि जेपेग. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने शिजवून, नको ते टाकून वाढलेलं ताट. रॉ म्हणजे कच्ची फाईल, बाजारातून आणलेल्या सबंध मासळीसारखी, डोक्याशेपटासकट. काळोखात कॅमेऱ्याने जे पाहिलं, ते सगळं तिच्यात असतं. ती कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात जागा खाते म्हणून धंद्यातली माणसं त्याला हसायची. पण तो निगेटिव्हच्या जमान्यातला माणूस. आयुष्यात एकही निगेटिव्ह त्याने फेकली नव्हती, आणि रॉ ही त्याच्या लेखी निगेटिव्हच. त्या लग्नाचे फोटो त्याने दोन्ही तऱ्हांनी ठेवले होते.

"संध्याकाळी या, बाय. उजेड करून ठेवतो," तो म्हणाला. "तुम्ही कुठं होतात तेव्हा? तिथंच?"

तिने पदर सारखा केला. "मी लग्नाला नव्हते."

दुपारी त्याने रॉ उघडली आणि हळूहळू उजेड वाढवत नेला. आधी खांब आला, मग पातेल्यांची उतरंड, आणि मग एक हात. बाईचा हात, सेबेस्टियनच्या हातात, बोटांत बोटं गुंतलेली. चेहरा खांबाआड. निळ्या साडीचा काठ तेवढा दिसत होता.

बॅप्टिस्ट बघतच बसला. सकाळचे ते सुजलेले डोळे त्याला आठवले. काळोखात उजेड होतो का, हे तिने उगीच नव्हतं विचारलं. कुणीतरी तिचे कान भरले असणार. दोन दिवसांत हिल्डाच्या घरचे सगळ्या फायलींची सीडी न्यायला येणार. मग काय, गावभर बोभाटा. मेलेला सुटला, पण जिवंत बाईने हे गिळायचं कसं?

त्याने रॉ पुसली. रिसायकल बिनमधूनही पुसली. त्या लग्नाचं मेमरी कार्ड तर केव्हाच दुसऱ्या कामाला लागलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने निगेटिव्ह जाळली होती, आणि त्याला खरोखरच रडू आलं. पण एका बाईचा संसार तरी तिच्या आठवणीत धड राहील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

ती दिवेलागणीच्या आधीच आली. दोन एसट्या बदलून आले, कामणहून, म्हणाली. त्याने जेपेगचा मोठा प्रिंट तिच्यापुढे ठेवला.

"कच्ची फाईल नव्हतीच, बाय. माझ्याच ध्यानात राहिलं नाय. आता हाय ते एवढंच."

"काळोखात काय दिसलंच नाय?"

"काय नाय."

"आता कधी दिसनार पन नाय?"

"नाय," बॅप्टिस्ट म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्याने त्याने नजर टेबलावर ठेवली.

ती फोटोवरून बोट फिरवत राहिली आणि आवाज न करता रडायला लागली. बॅप्टिस्टला ते बघवेना. आपण बरोबर केलं, हे त्याला आता पुरतं पटलं होतं. काहीतरी करावं म्हणून त्याने कटर उचलला. चेहरा तेवढा ठेवतो, घरातल्या आल्तारावर, क्रुसाखाली लावता येईल अशी छान फ्रेम करून देतो, असं तो म्हणाला. बाजूचा काळोख उगाच कशाला?

तिने त्याचं मनगट धरलं.

"कापू नका, भाऊ. त्याच्या बायकोनं मयताला मला दारातूनच परत पाठवलं. त्या काळोखात मी हाय."