तालो

“कमरपट्ट्याची गाठ डावीकडे बांधतात, उजवीकडे नाही.” शब्द शिंपिणीच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि शाळेच्या बाईंनी दिलेल्या चित्रात होती तशी, चुकीचीच, बत्तिसावी गाठ उजवीकडे बांधली. एवढं मिरवतात ना, मग होऊ दे चूक!

पडद्यामागे मुलं रांगेत उभी होती. दूरच्या डोंगराळ मुलखाची ओळख करून देणारा कार्यक्रम होता. वर्गाच्या बाई सुट्टीत तिथे पंधरा दिवस राहून आल्या होत्या. तेव्हापासून शिंपिणीच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या तोंडी उठता-बसता बाई. बाई म्हणतात, तिथली घरं कड्याला चिकटलेली असतात. बाई म्हणतात, तिथे झोपेतही नदी ऐकू येते. शिंपीण हूं हूं करत मशीन चालवायची आणि आतल्या आत जळायची. कारण ती त्याच मुलखात, तशाच एका घरात जन्मली होती. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिच्या बोलण्याला सगळे इतके हसले, की तिने ती भाषाच टाकून दिली. लेकीला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. आणि आता ही पंधरा दिवसांची पाहुणी तिचं माहेरही घेऊन बसली होती आणि लेकही.

पडदा उघडला. शिंपीण रंगमंचाच्या कडेला सुईदोरा घेऊन थांबली. बाई पालकांना कौतुकाने सांगत होत्या, “इतके प्रेमळ लोक! मी पायवाटेने निघाले की वरून हात हलवून ओरडायचे. मुलांनो, काय ओरडायचे?”

“तालोऽऽ!” बत्तीस मुलं हात हलवत ओरडली.

पुढे काय झालं ते शिंपिणीला कळलंच नाही. भानावर आली तेव्हा ती रंगमंचावर होती, लेकीला भिंतीशी दाबून, तिच्या डोक्यावर दोन्ही हात धरून.

“अहो, काय झालं?” बाईंनी विचारलं.

“वरून दगड सुटला की तसं ओरडतात,” ती धापा टाकत म्हणाली. “बाजूला व्हा म्हणून. मी तिकडचीच आहे.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं बाई! आणि मी खालून हात हलवून तेच ओरडत होते!”

लोक खो खो हसले. या वेळी बाईंना हसले. शिंपिणीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लेक डोकं वर करून तिच्याकडे बघत होती. आजवर अशी ती फक्त बाईंकडे बघायची. “आई, मग दारात कुणी आलं की तिकडे काय म्हणतात?”

शिंपिणीने ऐटीत तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची तो शब्द. तिने डोळे मिटले, कपाळ चोळलं. शब्द काही केल्या येईना.

शेवटी बाईंनीच बिचकत एक शब्द उच्चारला. “हा तरी बरोबर आहे का हो?”

बरोबर होता. अगदी तिच्या आईच्या हेलासकट.